पाण्यातलं प्रतिबिंब: काठाची रेषा कुठे ठेवायची?

तोरणमाळच्या यशवंत तलावाचे फोटो मला बरेच जण दाखवतात. पाणी स्थिर, डोंगर पाण्यात उतरलेला, आणि तरी काठाची रेषा मुद्दाम वर किंवा खाली सरकवलेली. कारण ‘रेषा मध्ये ठेवू नये’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मला हे पटत नाही. प्रतिबिंब अखंड असेल आणि वरचं-खालचं दोन्ही तितकंच देखणं असेल, तर रेषा खुशाल मध्यावर ठेवा. वाऱ्याने पाणी मोडलं असेल तर पाण्याला एक तृतीयांश जागा पुरे. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात असतं तसं आकाश पांढरं फटक असेल, तर ते जवळपास सगळंच कापून टाका. काठाची पट्टी वरच्या कडेला ठेवा, उरलेली चौकट पाण्याची.

हे ठरवण्याआधी खाली बसा. पाण्यात दिसणारं चित्र म्हणजे कॅमेरा पाण्याच्या वर जितका उंच आहे, तितकाच पातळीखाली खोल ठेवला तर जे दिसेल ते, फक्त उलटं. म्हणून हतनूरच्या जलाशयाकडे उंच काठावरून पाहिलं, की पलीकडच्या झाडांचं प्रतिबिंब त्यांच्या मागच्या टेकडीला पाण्यात झाकून टाकतं. पाण्याच्या कडेला उतरा, लेन्स पाण्यापासून वीतभर उंचीवर आणा. प्रतिबिंबात टेकडी दिसू लागते.

फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर करू नका. प्रतिबिंबातली बाभूळ कॅमेऱ्याला प्रत्यक्ष बाभळीइतकीच लांब असते, म्हणून फोकस बाभळीवर. जवळचे दगड किंवा लव्हाळाही स्पष्ट हवा असेल तर लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/११च्या आसपास, म्हणजे बरंच लहान ठेवा. प्रतिबिंब मूळ दृश्यापेक्षा थोडं काळपट येतं. ते तसंच राहू द्या. एडिटिंगमध्ये ते आकाशापेक्षा उजळ केलं की फोटो खोटा दिसतो. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, लेन्सवर लावला असेल तर फिरवून बघत राहा, कारण एका स्थितीत तो प्रतिबिंबच पुसून टाकतो.

आता क्रॉप, म्हणजे फोटोच्या कडा कापून चौकट ठरवणं. पहिलं काम फोटो सरळ करण्याचं, आणि इथे काठ फसवतो. जलाशयाचा काठ तुमच्यापासून तिरका लांब जात असेल तर नीट धरलेल्या कॅमेऱ्यातही तो कललेलाच दिसतो. तो आडवा करायला गेलात की झाडं वाकडी होतात. त्याऐवजी चौकटीच्या मध्याजवळचं एक झाड किंवा खांब घ्या. त्याचा शेंडा आणि पाण्यातला त्याचाच शेंडा जोडणारी रेषा अगदी उभी यायला हवी. क्रॉपच्या जाळीतली उभी रेघ त्या दोन टोकांवर टेकवा आणि तेवढाच फोटो फिरवा. ही युक्ती मी जिथे जाईन तिथे सांगतो, कारण मोठ्या तलावांवर क्षितिज दिसतच नाही, दिसतो तो वाकडातिकडा काठ.

मग खालची कड बघा. डोंगराचं पाण्यातलं टोक कापलं गेलं तर फोटो अर्धवट वाटतो. टोकाखाली थोडं मोकळं पाणी हवंच. मात्र तिथे नुसतं गढूळ पाणी पसरलं असेल तर तेवढं काढा. लांब पसरलेल्या काठाला १६:९ची आडवी पट्टी शोभते. जळगावच्या मेहरूण तलावावर अंधार पडल्यावर दिवे पाण्यात लांबलचक उभे ओढल्यासारखे दिसतात, त्यांना ४:५चा उभा क्रॉप द्या. चौरस मी क्वचितच वापरतो. एकटं झाड आणि त्याचं प्रतिबिंब, एवढंच असेल तेव्हा.

फोटो फिरवला की कोपरे कापले जातात. त्यामुळे काढतानाच चारही बाजूंना, विशेषतः खाली, थोडी जास्त जागा सोडा. आणि क्रॉप प्रतीवर करा, मूळ फाइल तशीच ठेवा.