जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येईल का, हे आधी घरीच बघा

लॅपटॉप संथ झाला की मोठा प्रोसेसर शोधत नाशिकच्या एमजी रोडवर चकरा सुरू होतात. त्याआधी दोन मिनिटं द्या.

१. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, ‘पॅकेज’ची ओळ वाचा.
२. ‘बीजीए’ दिसलं तर प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला आहे, नाद सोडा. इंटेलच्या ५व्या पिढीपासूनचे लॅपटॉप बहुतेक असेच. तेच पैसे एसएसडीत (हार्ड डिस्कच्या जागी बसणारं वेगवान स्टोरेज) घाला, फरक खरोखर जाणवतो.
३. ‘पीजीए’ असेल तर प्रोसेसर सॉकेटमधून (तो बसतो ती खाच) निघतो. त्याच सॉकेटचा, त्याच पिढीचा घ्या. बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आधीच अपडेट करा आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) नवी लावा.

मात्र ३५ वॅटच्या जागी ४५ वॅटचा बसवू नका; छोट्या पंख्याला ती उष्णता झेपत नाही.