हार्ट फेल्युअर ओपीडीत येणाऱ्या नव्या रेसिडेंटांनो, या चुका टाळा

चार्टवर सलग चार दिवस वजन ६८, ६८, ६८, ६८. माणूस आहे की वरवंटा?

दर नव्या बॅचला हे बघते. एका रिटायर्ड मास्तरांचा चार्ट असाच होता. रात्रपाळीवाल्याने आदल्या दिवशीचा आकडा उतरवला, सकाळवाल्याने त्याचा. वजन स्थिर, म्हणून फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध, इंजेक्शनवरून गोळीवर आलं आणि राउंडला बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारं औषध, वाढवायचंही ठरलं. मला खटकली ती मास्तरांच्या लेंग्याची नाडी. गाठ मारायला टोक पुरत नव्हतं. काट्यावर उभं केलं तर ७१.४. अंगात तीन लिटरच्या वर पाणी, आणि त्यावर बीटा-ब्लॉकरचा डोस चढणार होता! पुन्हा इंजेक्शन सुरू. मास्तर आठवडाभर अडकले, आणि चार्ट उतरवणाऱ्याला ‘पण सिस्टर, काटा लांब होता’ एवढंच सुचलं.

काटा लांब असेल तर चाला. एकच काटा, सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी, चपला काढून. घरी पाठवताना मी पेशंटला कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या हिशोबाशेजारी वजन लिहायला सांगते. वही हरवते, कालनिर्णय भिंतीवरच असतं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं की फोन करायचा, पायाला सूज येण्याची वाट बघायची नाही.

‘पेनकिलर घेता का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’च येतं. ‘गुडघे दुखले की काय घेता?’ विचारा. मग पिशवीतून डायक्लोफेनॅक निघतं, आणि ते अंगात पाणी धरून ठेवतं.

सैंधव हेही मीठच. आणि ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि रॅमिप्रिल या गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढतं, त्यांवरच्या माणसाला ते नको.

रॅमिप्रिल, एनालाप्रिल बंद करून सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन द्यायचं तर मध्ये ३६ तास हवेत, नाहीतर अँजिओएडिमाची, म्हणजे ओठ-जीभ-घसा अचानक सुजण्याची भीती. ‘उद्या सकाळपासून’ म्हणजे ३६ तास नव्हेत. मी घड्याळ बघून तारीख-वेळ कागदावर लिहून देते. आणि या सॅक्युबिट्रिलच्या गोळीवर असलेल्याचं बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) पाठवू नका, ती गोळीच ते वाढवते. त्याऐवजी एनटी-प्रोबीएनपी ही तपासणी पाठवा. अभ्यासात भरती झालेल्या पेशंटचा नमुना चुकला की फॉर्म मलाच निस्तरावे लागतात.

आता माझा खरा राग. इको सुधारला, ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) ५५ आला, की गोळ्या कमी करायची घाई. पेशंटला हौस असते हे समजू शकते, तुम्हाला कशाला? लंडनच्या ट्रेड-एचएफ अभ्यासात डायलेटेड कार्डिओमायोपॅथीतून, म्हणजे हृदय फुगून अशक्त होण्याच्या आजारातून, सावरलेले ५१ जण होते. गोळ्या बंद केलेल्या गटात ४४ टक्क्यांचा आजार सहा महिन्यांत परतला. ईएफ गोळ्यांमुळे सुधारलाय, गोळ्यांची गरज संपली म्हणून नाही. ‘एसटीत लघवीची पंचाईत’ म्हणून पाण्याची गोळी चुकवणारेही भेटतील. त्यांना रागावू नका. पोचल्यावर घ्या म्हणा, पण त्याच दिवशी.

आणि कॉरिडॉरमध्ये उभं राहून नातेवाइकांना ‘हार्ट फेल्युअर आहे’ असं नुसतं सांगू नका. आपल्याकडे ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला. मी म्हणते, ‘हृदयाचा पंप अशक्त झालाय.’ एका बाईंनी ‘हार्ट फेल्युअर’ हे दोन शब्द ऐकून गावाहून दोन जीप भरून माणसं बोलावली होती. ती पोचली तेव्हा पेशंट कॉटवर बसून पोहे खात होता.