मृत्युपत्र करताय? साक्षीदारांच्या सह्यांपाशी चुकू नका

करवीर तालुक्यातल्या एका घरातली गोष्ट. आण्णांनी पाचशेच्या स्टॅम्पवर मृत्युपत्र टाइप करून घेतलं, सही केली, नोटरीचा शिक्काही घेतला. साक्षीदारांच्या सह्या मात्र धाकट्यानं दुसऱ्या दिवशी त्यांच्या त्यांच्या दारात जाऊन आणल्या. आण्णा गेल्यावर थोरल्यानं दावा लावला. साक्षीदार कोर्टात खरं तेच बोलला, "मी सही केली तेव्हा आण्णा तिथं नव्हते." मृत्युपत्र तिथंच पडलं.

भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 चं कलम 63 मी पक्षकारांना दोनदा वाचून दाखवतो, ते यासाठीच. किमान दोन साक्षीदार लागतात. करणाऱ्यानं केलेली सही किंवा अंगठा प्रत्येकानं स्वतः पाहिलेला हवा, नाहीतर "ही सही माझीच" असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं. आणि साक्षीदारानं आपली सही त्याच्यासमोरच करायची. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं नाही, पण करणारा दोन्ही वेळेला समोर हवाच. नोटरीच्या शिक्क्यानं ही उणीव भरून निघत नाही. स्टॅम्पपेपरची तर गरजच नाही. साधा कोरा कागद चालतो.

तुमच्या घरात असं झालं असेल आणि करणारा हयात असेल, तर आजच नवा कागद करा. जुन्यावर मागाहून सह्या चिकटवत बसू नका.

साक्षीदार निवडताना आपल्याच वयाचा मित्र घेतात, ही दुसरी चूक. मृत्युपत्र शाबीत करायची वेळ येते तेव्हा हयात साक्षीदारांपैकी एकाला तरी कोर्टात उभं करावं लागतं. म्हणून वयानं लहान, गावात राहणारा आणि ज्याला त्या कागदातून काही मिळणार नाही असा माणूस घ्या. लाभ घेणाराच साक्षीदार असला तर हिंदूंच्या बाबतीत तेवढ्यानं मृत्युपत्र रद्द होत नाही, पण संशयाला जागा होते. ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रात मात्र साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेला हिस्साच बाद होतो.

मग जमिनीचं. "सगळी शेती धाकट्याला" असं लिहिण्याआधी सातबारा आणि आठ-अ समोर ठेवा. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत तुम्हाला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, आणि 2005 च्या दुरुस्तीनं मुलींचाही त्यात जन्मानं हक्क आहे. लेकींना डावलून केलेले किती कागद मी पाहिले! त्यांच्या हिश्श्याला हे कागद हातही लावू शकत नाहीत. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कुळकायदा कलम 43 चा शेरा असेल, म्हणजे कुळाला मिळालेली ती जमीन परवानगीशिवाय दुसऱ्याला देण्यावर बंधनं असतील, तर आधी वकिलाला दाखवा. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलं की ही बंधनं मृत्युपत्रालाही लागू होतात. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्रानं आपल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही.

नॉमिनी नेमला म्हणजे झालं, ही समजूत तर घरोघरी आहे. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी पैसे स्वीकारतो. त्यावरून तो मालक होत नाही. कंपनीच्या शेअरबाबतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये हेच ठरवलं.

नंतर मन बदललं तर पेनानं खाडाखोड करू नका. त्या बदलाशेजारी पुन्हा तुमची आणि दोन साक्षीदारांची सही लागते. नवं करणं सोपं, आणि त्यात "आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द" हे वाक्य घाला.

नोंदणी ऐच्छिक आहे, मुद्रांक शुल्क नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, असंच मी सांगतो. कागद गहाळ होत नाही. पण नोंदवलेल्या मृत्युपत्रावरही हरकत घेता येते, आणि नंतरचं न नोंदवलेलं वैध मृत्युपत्र त्याला मागे टाकतं. वय झालेलं किंवा आजारी माणूस असेल तर मन ठिकाणावर असल्याचा त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा. कायद्यात सक्ती नाही, उपयोग मोठा आहे.

कोल्हापुरातल्या मिळकतीसाठी हिंदूंना प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, सक्तीचं नाही. तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज दिला की वारसांना नोटिसा निघतात. हरकत आली तर मृत्युपत्र खरं की खोटं याचा निकाल दिवाणी कोर्टातच लागतो, आणि तिथं साक्षीदाराला समन्स जातो. त्याचा पूर्ण पत्ता आणि मोबाइल नंबर कागदावर आहे का, तेवढं आत्ताच बघून घ्या.