हिंचक्यावरची निवृत्ती: या चुका टाळा

शाळेतून निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिंचक्यावर (म्हणजे झोपाळ्यावर) बसले आणि जवळजवळ चार महिने उठलेच नाही म्हणा ना. बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात हिंचका बैठकीतच आहे. पायाने जरा रेटा दिला की हलतो, त्यामुळे आपलं काहीतरी चाललंय असं वाटत राहतं. चहा तिथेच, पेपर तिथेच, फोनही तिथेच. गणपतीत आरतीनंतर जमिनीवरून उठताना दोन्ही हात टेकावे लागले, तेव्हा जाग आली.

मग एकदम सुटले

ही त्याच्यापुढची चूक. नवे बूट घेतले आणि पहिल्या दिवसापासून कमाटीबागेत दीड तास. (सयाजीबाग म्हणणारे बहुतेक बाहेरगावचे.) दहाव्या दिवशी गुडघा सुजला आणि पुन्हा हिंचका! पंधरा मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवली असती, तर हे टळलं असतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. वेग इतका हवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. बडोद्याच्या मे महिन्यात सकाळी सातच्या आत घरी परतायचं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. उद्या बघू म्हणायचं नाही.

आणि परतताना रोज सेवउसळ खाल्ली तर हिशेब जुळत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

चालणं म्हणजेच व्यायाम, असं समजणं

आमच्या बागेतल्या निम्म्या मंडळींचा हाच समज आहे. पासष्टीनंतर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम हवा, कारण चालणारी माणसंही पडतात. मी कुकर लावला की ओट्याला हात ठेवून एका पायावर उभी राहते, शिट्टी झाली की पाय बदलते. खुर्ची भिंतीला टेकवून, हात न लावता दहा वेळा उठबस करते. पहिल्या दिवशी चार वेळाच जमली होती. नवरात्रात वर्षभराची हौस एका रात्रीत फेडायला निघालात तर गुडघा दसऱ्यापर्यंतही टिकत नाही. दोन टाळीचा गरबा, अर्धा तास, आणि मग खुर्चीत बसून नातवंडांचा पोशाख बघायचा.

‘तू मोकळीच आहेस ना!’

बायकांचं तर विचारूच नका. नोकरीतून निवृत्ती मिळते, स्वयंपाकघरातून नाही. वर घरातल्या सगळ्यांची कामं आपल्या वाट्याला येतात. प्लंबर येणार आहे, काकू, जरा थांबाल का? आई, बँकेत जाऊन येतेस? एकेक काम दहा मिनिटांचं, पण दिवस त्यातच संपतो आणि रात्री आठवून सांगता येत नाही की आज केलं काय. मी नाही म्हणून पाहिलं, रुसवेफुगवे झाले. नुसतं ‘मला वेळ हवाय’ म्हटलेलं कुणाला पटत नाही. ‘बुधवारी चार वाजता माझं ठरलेलं आहे’ म्हटलं की मात्र चालतं, फक्त ते खरंच ठरलेलं हवं आणि तिथे कुणीतरी वाट बघणारं हवं. आम्ही तिघी बुधवारी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जातो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली सुरू केलेली, लोखंडी मांडण्यांची आणि काचेच्या जमिनीची. मराठी पुस्तकंही भरपूर. शेजारच्या गुजराती बेन मराठी वाचत नाहीत, तरी येतात. त्यांना बाहेर पडायला निमित्त हवं असतं.

चोवीस तास एकत्र

हे निवृत्त झाले तेव्हा स्वयंपाकघरात उभे राहून डब्यांवर चिठ्ठ्या लावायला लागले. ‘अहो, चाळीस वर्षं हळद मला बिनचिठ्ठीची सापडते,’ म्हटलं, तर दोन दिवस अबोला. दुपारी दोन तास दोघांनी वेगळं काहीतरी करायचं, असं शेवटी ठरवलं. ह्यांनी कॉलेजात सोडलेला तबला पुन्हा काढला. ठेका अजून चुकतो. पण दुपारची दोन-दोन तासांची झोप गेली आणि रात्रीची परत आली. अगदीच डुलकी हवी असेल तर तीनच्या आधी, वीस मिनिटं, गजर लावून.

परवा बुधवारी पावसाने रस्त्यात पाणी भरलं. मी खुशाल हिंचक्यावर टेकले होते, तेवढ्यात फोन वाजला. बेनच होत्या. ‘निकळ्या के नहीं?’ छत्री शोधावीच लागली.