भागीदारी मोडताना वेबसाइट आपल्या नावावर कशी करून घ्यावी

मित्राबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर धंदा केला आणि आता वेगळं व्हायचंय, तर "पासवर्ड घेऊन टाक, झालं" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. फ्लॅटची किल्ली हातात आली म्हणून इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या सरकारी नोंदीवर, नाव चढत नाही. इथेही तसंच आहे.

हे मला अनुभवानं कळलं. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांतून मी आणि माझी मैत्रीण दिवाळीचा फराळ विकायचो. तिनं काम सोडलं तेव्हा वर्डप्रेसचा, म्हणजे ज्यातून साइट चालवतो त्या प्रणालीचा, पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवला, मी तो बदलला आणि निर्धास्त झाले. पण डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, तिनं स्वतःच्या कॉलेजच्या वेळच्या जीमेलवरून घेतलं होतं. मुदत संपत आल्याचे मेल तिथे जात होते आणि ती ते खातं उघडतच नव्हती. दसऱ्यानंतर चार दिवसांनी साइट बंद पडली आणि ऑर्डरचा ईमेलही बंद झाला. झाकणावर साइटचा पत्ता छापलेली दीड हजार खोकी खोलीत छतापर्यंत रचलेली होती. तोवर हिशेबावरून आमचं बोलणं थांबलं होतं. ओटीपी तिच्या फोनवर येणार होता आणि तिचं म्हणणं होतं, आधी माझे पैसे. डोमेन सुटलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. त्यानंतर ओळखीच्यांच्या अशा बऱ्याच वाटण्या मी समोर बसून करून दिल्या आहेत.

सुरुवात यादीपासून करा. डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), वर्डप्रेस, ईमेल, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घ्यायची सोय), गुगलवरची दुकानाची नोंद, इन्स्टाग्राम: प्रत्येकापुढे कुणाचा ईमेल, कुणाचा फोन नंबर आणि पैसे कुणाच्या कार्डावरून जातात ते लिहा. साइटचा पूर्ण बॅकअप घ्या. गुगलच्या नोंदीत स्वतःला आजच मालक म्हणून जोडून घ्या, कारण नव्या मालकाला मुख्य मालकी मिळायला ७ दिवस थांबावं लागतं.

आता डोमेन. सगळी भांडणं इथेच अडतात. डोमेन जिथून विकत घेतलं त्या कंपनीच्या खात्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात: खातं कुणाचं, रजिस्ट्रंट (डोमेन ज्याच्या नावावर नोंदलंय तो) म्हणून नाव कुणाचं आणि रजिस्ट्रंटचा ईमेल कोणता. तिन्ही बदलल्या तरच डोमेन तुमचं. खात्याचा पासवर्ड बदललात पण ईमेल जुनाच ठेवलात, तर ज्याच्याकडे तो ईमेल आहे तो दोन मिनिटांत पासवर्ड पुन्हा बदलून घेईल. ऑर्गनायझेशनचा रकाना रिकामा सोडू नका. तिथे फर्मचं नाव घाला, नाहीतर उद्या तुमच्या नव्या भागीदाराबरोबर हेच होईल.

हे काम फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर करू नका. समोरासमोर बसा. कुणाच्या तरी घरी, टेबलावर दोन लॅपटॉप आणि दोघांचे फोन चार्ज केलेले. नाव बदलताना जुन्या आणि नव्या अशा दोन्ही ईमेलवर मंजुरीची लिंक जाऊ शकते, ओटीपी जुन्या नंबरवर येतो आणि त्याची मुदत काही मिनिटांची असते. समोरचा माणूस ऑफिसातून हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असताना हे होत नाही. तासाभराचं काम दोन महिने रेंगाळतं आणि तेवढ्यात मनं आणखी कडवट होतात.

आणखी एक सल्ला लोक बिनधास्त देतात: "डोमेन दुसऱ्या कंपनीत ट्रान्सफर करून घे." वाटणीच्या काळात हे अजिबात करू नका. त्याच कंपनीत स्वतःचं मोफत खातं उघडा आणि भागीदाराच्या खात्यातून तुमच्या खात्यात डोमेन ढकलून घ्या. बहुतेक कंपन्यांत ही सोय असते आणि त्यात साइट बंद पडत नाही. दुसऱ्या कंपनीत न्यायला कोड लागतो, दिवस जातात आणि रजिस्ट्रंट बदलल्यावर डॉट कॉमसारख्या डोमेनवर ६० दिवसांचं कुलूप लागू शकतं. नेमसर्व्हरला, म्हणजे साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगणाऱ्या सेटिंगला, तर हातच लावू नका. तिथे चूक झाली की कधी साइट दिसते, पण ऑर्डरचे मेल येत नाहीत, आणि ते कळायला आठवडा जातो.

रजिस्ट्रंटचा ईमेल बदलला की खातरजमेची लिंक येते. डॉट कॉमसाठी ती १५ दिवसांत दाबली नाही तर डोमेन स्थगित होतं. मेल स्पॅममध्ये पडतो, म्हणून तिथेच बसून शोधा आणि दाबा.

मुदत आधीच संपली असेल तर घाई करा. डॉट कॉम सुरुवातीचे काही दिवस नेहमीच्या भावात सुटतं. मग ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा, म्हणजे जादा पैसे भरून सोडवायचा, काळ लागतो आणि त्यात कंपनी जबर रक्कम मागते. त्यानंतर आणखी ५ दिवसांनी ते कुणालाही विकत घेता येतं.

पैशांचा वाद असेल तर तो डोमेनला बांधू नका. त्याच बैठकीत रक्कम आणि तारीख कागदावर लिहा. महाराष्ट्रात २०२४ पासून किमान ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर लागतो, तेवढा खर्च करा. कागदात डोमेनबरोबर फोटो, मजकूर आणि लोगोही घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला देणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून "कायमस्वरूपी, जगभरासाठी" हे शब्द घाला. पुतण्यानं हौसेनं काढून दिलेल्या चकलीच्या फोटोंसाठी त्याचीही सही घ्या.

समोरचा बसायलाच तयार नसेल तर ओळखीचा मध्यस्थ बघा. आमचं शेवटी दोघींच्या एका मैत्रिणीनं सोडवलं. पासवर्डचे अंदाज बांधून खात्यात शिरायचा प्रयत्न करू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६व्या कलमात त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि डोमेन तुमचं होतं हे सांगून सुटका होईल असं धरून चालू नका. डॉट इनच्या तक्रारींसाठी निक्सीची (डॉट इन डोमेनचा कारभार बघणाऱ्या संस्थेची) लवाद पद्धत आहे, पण ती नावावर हक्क दाखवू शकणाऱ्यांसाठी आणि समोरच्याचा हेतू वाईट होता हे सिद्ध करणाऱ्यांसाठी. दोन मैत्रिणींच्या हिशेबात तिचा उपयोग क्वचितच होतो. फर्म नोंदवलेली नसेल तर १९३२च्या भागीदारी कायद्याच्या ६९व्या कलमामुळे करारातला हक्क मागायला भागीदारावर दावा लावता येत नाही. त्यामुळे शिवाजीनगर कोर्टाची पायरी चढायच्या आधी फर्मच्या नावानं भरलेली डोमेनची बिलं गोळा करा आणि वकिलाला दाखवा.

बैठक संपली, सगळं बदललं, तरी एक परीक्षा घ्या. ब्राउझरच्या खासगी खिडकीत डोमेन कंपनीचं पान उघडा आणि "पासवर्ड विसरलात" वर दाबा. रीसेटचा मेल कुणाच्या फोनवर वाजतो ते दोघांनी मिळून बघा. तो तुमच्याकडे आला की ऑटो रिन्यूअल तुमच्या कार्डावर लावा आणि मग वर्डप्रेसमधलं भागीदाराचं लॉगिन काढा.