एडिटरमध्ये ऑनलाइन शब्दकोश जोडताना या चुका टाळा

एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये, शब्दावर कर्सर नेऊन एक कळ दाबली की अर्थ तिथेच दिसावा, एवढीच अपेक्षा असते. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरबसल्या अनुवाद करणारे, दिवाळी अंक जुळवणारे, कोर्टाचे कागद मराठीत आणणारे, या सगळ्यांना ही सोय हवीच असते. जोडणी होते आणि पहिल्याच दिवशी "शब्द सापडला नाही" सुरू होते. मग लोक कोश बदलून पाहतात. बहुतेक वेळा कोशाचा काही दोष नसतो. पडद्यावर दिसतो तो शब्द एक आणि एडिटरमधून बाहेर पडतो तो दुसराच, असे झालेले असते.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी एक काम करा. कोशाकडे जाणारा शब्द चौकटी कंसात घालून, त्याच्या प्रत्येक अक्षराच्या यूनिकोड क्रमांकासह लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, उमटवा. कंसामुळे मागेपुढे चिकटलेली मोकळी जागा दिसते आणि क्रमांकांमुळे न दिसणारी अक्षरे. पुढच्या बऱ्याच चुका या एका ओळीत पकडल्या जातात.

शब्दाचे तुकडे होणे

कर्सर "होडीत" या शब्दावर आहे आणि कोशाकडे गेला नुसता "ड". कारण शब्द ओळखायला वापरलेली रेगेक्स, म्हणजे अक्षरांचा साचा सांगणारे सूत्र. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतले बॅकस्लॅश-डब्ल्यू हे शब्दातल्या अक्षराचे चिन्ह फक्त रोमन अक्षरे, आकडे आणि अंडरस्कोर ओळखते, देवनागरी त्याच्या खिजगणतीतही नाही. पायथन या दुसऱ्या भाषेच्या नेहमीच्या रेगेक्स मोड्यूलमध्ये तेच चिन्ह मूळ अक्षरे ओळखते, पण काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त सोडून देते. त्यामुळे "होडीत"चे ह, ड, त असे तीन तुकडे पडतात. यूनिकोडचा "अक्षर" हा वर्ग वापरून काम भागेल असे वाटते, पण तिथेही हेच होते, कारण मात्रा "चिन्ह" या वेगळ्या वर्गात मोडतात. दोन्ही वर्ग एकत्र घ्या, त्यात शून्य-रुंदीचा जोडक, म्हणजे जोडाक्षराचे रूप ठरवणारे यू+२००डी हे न दिसणारे चिन्ह, मिळवा आणि जावास्क्रिप्टमध्ये यूनिकोडचा ध्वज (पर्याय) लावायला विसरू नका. पायथनमध्ये वेगळे मिळणारे "रेगेक्स" नावाचे मोड्यूल घेतले तर मात्रा सुटत नाहीत.

विम या एडिटरमध्ये कर्सरचा रकाना बाइटमध्ये मोजला जातो आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३ बाइट घेते. रकान्यावरून शब्द कापत बसू नका, कर्सरखालचा शब्द विमकडूनच मागून घ्या. विममध्ये अर्थ पाहण्याची कळ मोठा के. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक चालू असेल तर तीच कळ ख देते आणि काहीच घडत नाही. नॉर्मल मोडमध्ये (जिथे कळा आज्ञा म्हणून चालतात) ख दाबला की के चालावा, अशी एक ओळ सेटिंगच्या फाइलमध्ये टाकली की झाले.

दिसायला एक, आतून दोन

"किनाऱ्यावर" हा शब्द आपल्याकडे रोजचा, आणि नेमका तोच फसवतो. त्यातला ऱ्य दोन प्रकारे टंकला जातो. एका पद्धतीत यू+०९३१ हा ऱ आणि त्याला हलन्त, दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि मग शून्य-रुंदीचा जोडक. पडद्यावर फरक कळत नाही, संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द. यूनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपे एक करणे, केले म्हणजे हे सुटेल, हा गैरसमज आहे. प्रमाणीकरण या दोन रूपांना एक मानत नाही, तो बदल स्वतः लिहावा लागतो. ॲचेही तसेच. यू+०९७२ हे एकसंध अक्षर यूनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याआधीच्या मजकुरात अ आणि वरचा चंद्र अशी जोडी सापडते. दोन्ही जोड्यांसाठी एकच रूप ठरवा, पण ते फक्त शोधापुरते. लेखकाच्या मजकुराला हात लावू नका.

लॉगमध्ये देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसला तर फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधली आहे. छापखान्यांतून आलेल्या फाइलींत हे सर्रास असते. आधी मजकूर यूनिकोडमध्ये बदलून घ्या, शोध नंतर.

विभक्ती आणि सामान्यरूप

इंग्रजीसाठी केलेली जोडणी मराठीला तशीच लावली की इथे अडते. कोशात "वारा" आहे, मजकुरात "वाऱ्याने". कोशात "मासा", मजकुरात "माशांच्या". म्हणून शब्द सोलावा लागतो, आणि त्यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी शब्द जसाच्या तसा शोधा. हा टप्पा गाळला तर "भात"मधला त सप्तमीचा समजून कापला जातो आणि कोशाला "भा"चा अर्थ विचारला जातो. नाही सापडला तरच शेवटचा प्रत्यय काढा, लांब प्रत्यय आधी: च्या, साठी, पर्यंत, मुळे, वर, मग ने, ला, त. "घरावरच्या"सारख्या शब्दात एकावर एक थर असतात, च्या गेले की वर, मग "घरा". तीन थरांपुढे जाऊ नका.

उरलेले सामान्यरूप मूळपदावर आणायचे: घरा-घर, आंब्या-आंबा, वाऱ्या-वारा, माशा-मासा. एकाच रूपातून दोन शब्द निघत असतील तर दोन्ही दाखवा, निवड वाचणाऱ्याला करू द्या. "माशांना" म्हणजे मासे आणि "माश्यांना" म्हणजे माश्या. लिहिताना हे दोन्ही सर्रास गोंधळले जातात, तेव्हा अंदाजाने एकच अर्थ पुढे करणे धोक्याचे.

जुन्या कोशांत आणखी एक अडचण. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची, आणि व्युत्पत्तीने येणारे अनुस्वार लेखनातून गेले ते १९६२च्या नियमांनी. तिथे "गाव" नाही, "गांव" आहे. "कवी"ऐवजी "कवि" मिळेल. शोध फसला तर दीर्घाक्षरावर अनुस्वार देऊन आणि शेवटची वेलांटी ऱ्हस्व करून आणखी एकदा विचारा. कोकणातल्या जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थ सोडून चालत नाही, त्यामुळे ही मेहनत घ्यायलाच हवी.

"नाही" आणि "पोचलोच नाही" यांत फरक करा

जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो. कोकण रेल्वेत बसून काम करणाऱ्याला साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतोच. अशा वेळी प्रोग्राम "शब्द सापडला नाही" म्हणाला तर तो खोटे सांगतो, आणि ते उत्तर साठवून ठेवले तर पुढे कायम खोटे सांगत राहतो. वेब सेवेकडून ४०४ आले तर शब्द नाही, ४२९ म्हणजे तुम्ही फार वेगाने विचारताय, ५०३ म्हणजे सर्व्हर तात्पुरता बंद. डिक्ट हा कोशांशी संवादाचा प्रोटोकॉल २६२८ या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या दारावर, चालतो. तिथे ५५२ म्हणजे शब्द नाही आणि ४२० म्हणजे सर्व्हर सध्या उपलब्ध नाही. इमॅक्स या एडिटरच्या २८व्या आवृत्तीपासून या प्रोटोकॉलची सोय आतच आहे, पण ऑफिसच्या नेटवर्कने ते पोर्ट अडवले असेल तर नुसती वाट पाहत बसावे लागते. हॉटेलच्या वायफायवर कोशाऐवजी लॉगिनचे पान येते आणि तेही २०० या यशाच्या क्रमांकासह, म्हणून उत्तर जेसन या अपेक्षित माहिती-साच्यात आहे ना, ते तपासूनच पुढे जा.

मागणी मुख्य धाग्यावर (ज्यावर एडिटर स्वतः चालतो) चालवू नका, एडिटर गोठतो. ३ सेकंदांची मुदत ठेवा. कर्सर थांबल्यावर ३०० मिलिसेकंदांनी विचारा आणि आधीची मागणी रद्द करा. नाहीतर "रापण"चे उशिरा आलेले उत्तर "खाजण"च्या खिडकीत दिसते.

पत्त्यात शब्द घालताना एन्कोडिंग (अक्षरांचे % चिन्हांतले रूप) एकदाच करा. "होडी"चे ३६ चिन्हांचे रूप होते. त्यात %२५ दिसू लागले तर ते दोनदा झाले आहे. विक्शनरी या मुक्त ऑनलाइन कोशाला विचारताना स्वतःची ओळख देणारा यूझर-एजंट पाठवा. तिथे पहिल्या अक्षराचा लहान-मोठेपणाही धरला जातो, तेव्हा इंग्रजी वाक्यातला पहिला शब्द लहान लिपीत करून दुसऱ्यांदा शोधा.

निवडलेला मजकूर पाठवत असाल तर ४० अक्षरांची मर्यादा घाला. चुकून पूर्ण परिच्छेद निवडला गेला आणि तो कोर्टाचा कागद असला, तर पक्षकाराची माहिती परक्या सर्व्हरवर गेली. शब्द शेलमार्गे, म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा देऊन, पाठवत असाल तर अवतरणचिन्हे निष्प्रभ करूनच.

मालवणीसाठी स्वतःची फाइल

"बांगडो", "वारो" प्रमाण मराठीच्या कोशांत मिळण्याची आशा धरू नका. शेवटचा ओकार आकारात बदलून एकदा शोधता येतो, "बांगडा" त्याने सापडतो. पण "झील", "खय" यांना हा उपाय नाही. त्यासाठी एडिटरशेजारी साधी मजकूर फाइल ठेवा. प्रत्येक ओळीत शब्द, टॅब, अर्थ, टॅब आणि तो शब्द कुठल्या गावचा, कारण अर्थ तालुक्यागणिक सरकतो. शोधाचा क्रम: आधी ही फाइल, मग आधी मिळालेल्या उत्तरांचा साठा, मग ऑनलाइन कोश. फाइल यूटीएफ-८मध्ये, बॉमशिवाय, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या न दिसणाऱ्या चिन्हाशिवाय, जतन करा. बॉम राहिला तर पहिल्या ओळीतला शब्द कधीच सापडत नाही.