'स्मॅश ब्रदर्स'मध्ये स्नेकचा गुप्त कोडेक कॉल कसा लावायचा

सॉलिड स्नेक हा कोनामी कंपनीच्या 'मेटल गिअर' या गेममालिकेचा नायक. २००८च्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल' या निन्टेन्डोच्या मारामारीच्या गेममध्ये सॉनिकसोबत तोही आला आणि निन्टेन्डोबाहेरची पात्रं या मालिकेत पहिल्यांदाच उतरली. पाहुण्याने येताना आपली कोडेक ही रेडिओ यंत्रणाही आणली. समोरच्या पात्राबद्दल कर्नल, ओटाकॉन किंवा मेई लिंग या आपल्या 'मेटल गिअर'मधल्या साथीदारांशी तो चक्क बोलतो. मेनूत मात्र याचा कुठेही उल्लेख नाही.

आधी स्नेक अनलॉक हवा. 'ब्रॉल'मध्ये शॅडो मोझेस आयलंड या स्टेजवर १५ सामने खेळलात की तो आव्हान द्यायला येतो, त्याला हरवा. कॉलही याच स्टेजवर लागतो, दुसरीकडे नाही. मालिकेतल्या २०१८च्या 'अल्टिमेट' या गेममध्येही स्टेज तोच.

सामना स्टॉकचा (म्हणजे ठरावीक जीवांचा) ठेवा, वेळेची मर्यादा काढून टाका आणि प्रतिस्पर्धी एकच घ्या. दुसरा कंट्रोलर जोडून नुसता ठेवून दिलात तर सर्वांत उत्तम, कारण कॉम्प्युटर अगदी खालच्या लेव्हलवर असला तरी मध्येच येऊन फटका मारतो.

आता खरी मेख. स्नेकला जमिनीवर स्थिर उभा करा आणि डी-पॅडचं (कंट्रोलरवरच्या अधिक-चिन्हासारख्या दिशा-बटणांचं) खालचं बटण अक्षरशः निमिषभर दाबा. नेहमीसारखं दाबलंत तर तो आपला पुठ्ठ्याचा खोका काढतो, म्हणजेच साधा टॉन्ट (समोरच्याला डिवचायची अदा) होतो. खोका दिसला की समजा, बोट जास्त वेळ टेकलं. अंगठा सरळ खाली दाबू नका. बटणाच्या कडेवरून बाहेरच्या बाजूला निसटता घ्या, म्हणजे जाता जाता बटण जेमतेम दबतं. तिरपा गेला तर बाजूचा टॉन्ट लागतो, पुन्हा खोकाच. जमलं की स्नेक गुडघ्यावर बसून कानाला हात लावतो. तेवढ्यात मार बसला तर कॉल लागत नाही, परत प्रयत्न करावा लागतो. एकदा लागला की त्या सामन्यात पुन्हा लागत नाही, त्यामुळे दुसरं पात्र ऐकायला नवा सामना सुरू करा.

'अल्टिमेट'मध्ये संभाषणं 'ब्रॉल'मधलीच आहेत. म्हणून प्रतिस्पर्धीही 'ब्रॉल'मध्ये असलेलाच निवडा. नंतर आलेल्या पात्रासमोर बटण कितीही अचूक दाबलंत तरी हाती काही लागणार नाही. सुरुवात कॅप्टन फाल्कनपासून करा. स्नेकसारखा रुक्ष गडी स्वतः 'फाल्कन पंच' ओरडतो, ते ऐकण्यासारखंच आहे. इंग्रजीत हा आवाज डेव्हिड हेटरचा, जपानीत अकिओ ओत्सुकाचा. 'अल्टिमेट'च्या ऑप्शन्समधून भाषा बदलून दोन्ही ऐका.

आणखी एक गंमत मुद्दाम करून पाहण्यासारखी: कॉल चालू असतानाच स्नेकला स्टेजबाहेर मरू द्या. संभाषण तुटतं आणि पलीकडून 'मेटल गिअर'च्या गेम ओव्हरची ती प्रसिद्ध हाक येते, "स्नेक? स्नेक! स्नेऽऽऽक!"